नव्या दप्तराचा जुना जासूद

गेल्या वर्षी आपल्या महाविद्यालयाच्या जुन्या वार्षिकांकांची लेखसूची तयार करण्याचे काम इतिहास विभागाने हाती घेतले. कथा कोणती, कविता कोणाची, लेख कोणत्या साली छापला, लेखक पुढे कोठे गेले, हे सारे एका ठिकाणी यावे असा हेतू होता. ग्रंथालयाच्या कपाटात वरच्या खणात हे अंक धूळ खात पडलेले. आम्ही सातआठ जणांनी ते उतरवले, झटकले आणि वहीत नोंदी करू लागलो. पाचवी वही भरत आली तेव्हा ग्रंथपाल सर म्हणाले, "उद्या कोणी एक नाव विचारले तर पाच वह्या चाळत बसणार का? संगणकावर घ्या." येथवर सगळे सोपे होते. पुढे जे घडले त्यात माझी दिवाळीची सुट्टी गेली. ती हकिकत येथे लिहितो आहे ती एवढ्याचसाठी की, पुढच्या वर्षी हे काम ज्यांच्याकडे जाईल त्यांची तरी सुट्टी वाचावी.

मी कलाशाखेचा विद्यार्थी. संगणकशास्त्र शिकलेलो नाही. तेव्हा जाणकारांनी हसू नये आणि नवख्यांनी घाबरू नये.

प्रथम डेटाबेस म्हणजे काय आणि त्याचा 'क्लायंट' म्हणजे कोण, हे सांगायला हवे. आपल्या कोल्हापुरात पुराभिलेखागार आहे. करवीर संस्थानचे मोडी कागद तेथे जपून ठेवलेले आहेत. अशा दप्तरखान्यात अभ्यासक स्वतः आत शिरून रुमाल सोडत बसत नाही. तो मागणीची चिठ्ठी भरून देतो; आतला माणूस नेमका रुमाल काढून आणतो आणि काम झाले की जागच्या जागी ठेवतो. डेटाबेसचेही असेच आहे. नोंदी एका यंत्रावर, एका आज्ञावलीच्या ताब्यात असतात. तिला सर्व्हर म्हणतात. तिला आपण दप्तरदार म्हणू. आपण बसतो त्या टेबलावरच्या संगणकात दुसरी एक लहानशी आज्ञावली असते. ती आपला प्रश्न दप्तरदाराकडे पोहोचवते आणि उत्तर घेऊन येते. हीच क्लायंट. मराठीत तिला कोणी ग्राहक म्हणतात. पण ग्राहक काही निरोप नेत नाही. मला जासूद हा आपला जुना शब्द अधिक शोभतो असे वाटते.

आमचा दप्तरदार होता पोस्टग्रेस. नोंदी तक्त्यांच्या रूपात मांडाव्यात आणि त्या कोठे, कशा ठेवल्या आहेत याची काळजी विचारणाऱ्याने करू नये, हा विचार एडगर कॉड यांनी १९७० साली एका निबंधात मांडला. बर्कले येथील विद्यापीठात मायकेल स्टोनब्रेकर यांनी त्या दिशेने आधी इंग्रेस आणि मग १९८६ पासून पोस्टग्रेस हा प्रकल्प चालवला. १९९६ साली त्याला पोस्टग्रेस-एसक्यूएल हे नाव मिळाले आणि तेव्हापासून जगभरचे लोक मिळून तो पुढे नेत आहेत. त्यावर काम करणाऱ्या एंटरप्राइझडीबी या कंपनीचे कार्यालय आपल्या पुण्यातही आहे. महाविद्यालयाच्या दृष्टीने महत्त्वाचे म्हणजे तो फुकट मिळतो आणि त्याची मूळ संहिताही कोणालाही मिळते. ही दुसरी गोष्ट पहिल्या दिवशी मला बिनमहत्त्वाची वाटली होती.

ग्रंथालयात एक बऱ्यापैकी नवा संगणक आहे. त्यावर पोस्टग्रेसची १५वी आवृत्ती बसवली. नोंदी भरायच्या होत्या मात्र संगणक कक्षातल्या चार जुन्या यंत्रांवरून. या यंत्रांवर उबुंटू १६.०४ आहे, म्हणजे २०१६ सालची. ती बदलून नवी का घेतली नाही, असे कोणीही विचारील. यंत्रांचा प्रोसेसर ३२ बिटी आहे आणि उबुंटूने २०१७च्या ऑक्टोबरात निघालेल्या १७.१० या आवृत्तीपासून डेस्कटॉपची ३२ बिटी प्रत काढणेच बंद केले. नवी यंत्रे घेण्याचा प्रस्ताव गेलेला आहे. तो कोठवर पोहोचला हे येथे लिहिण्याचे कारण नाही.

त्या उबुंटूसोबत जो जासूद येतो तो पोस्टग्रेस ९.५चा. 'पीएसक्यूएल' असे त्याचे नाव. त्याला ग्रंथालयाच्या यंत्राचा पत्ता सांगितला, नाव सांगितले, पासवर्ड द्यायला सज्ज होऊन बसलो. पासवर्ड त्याने विचारलाच नाही. एकच ओळ छापून तो गप्प झाला: 'ऑथेंटिकेशन मेथड १० नॉट सपोर्टेड'.

दहावी पद्धत म्हणजे कोणती? दोन दिवस मी समजत होतो की हा दहाव्या आवृत्तीचा काही संबंध असावा. तसे नाही. दप्तरदार आणि जासूद यांच्या बोलण्यात ओळख पटवण्याच्या प्रत्येक रीतीला एक क्रमांक असतो. एमडी५ या जुन्या रीतीचा क्रमांक ५. नव्या रीतीचा क्रमांक १०; तिच्यात जी पद्धत वापरतात तिचे नाव स्क्रॅम. योगायोगाने ही स्क्रॅम पद्धत पोस्टग्रेसमध्ये आली ती २०१७ सालच्या दहाव्या आवृत्तीतच, म्हणून माझी फसगत झाली. २०२१च्या चौदाव्या आवृत्तीपासून नवा पासवर्ड आपोआप याच पद्धतीने नोंदला जातो. आमचा दप्तरदार पंधरावा, जासूद ९.५चा. धन्याने नवी खूण ठरवली आणि जासदाला जुनीच ठाऊक, असा प्रकार.

येथे एक सोपी पळवाट होती आणि ती सुचवणाराही भेटला. माझा एक वर्गमित्र म्हणाला, "सर्व्हरलाच जुनी पद्धत वापरायला सांग. पासवर्ड एमडी५ने पुन्हा नोंदव. पाच मिनिटांचे काम." खरोखर पाच मिनिटांचेच होते. पण आमच्या नोंदींत नुसती लेखांची नावे नव्हती. माजी विद्यार्थ्यांशी पत्रव्यवहार करून त्यांचे पत्ते आणि दूरध्वनी क्रमांक मिळवलेले होते. एका बाईंनी तर, क्रमांक कोणाला देऊ नका, असे पत्रात दोनदा लिहिले होते. एमडी५ पद्धतीत दप्तरदाराकडे पासवर्डचा जो सांकेतिक ठसा राहतो तो कोणाच्या हाती लागला, तर मूळ पासवर्ड माहीत नसतानाही त्या ठशाच्या बळावर आत शिरता येते. स्क्रॅममध्ये पासवर्डात एक यादृच्छिक मजकूर मिसळून तो हजारो वेळा घोटला जातो. पोस्टग्रेसमध्ये हा आकडा ४०९६ आहे. दप्तरदाराकडे जे उरते ते पडताळणीपुरते; ते चोरून कोणाला जासूद म्हणून मिरवता येत नाही. मी हे वर्गमित्राला सांगितले. तो म्हणाला, "आपल्या कॉलेजात कोण चोरणार?" यावर माझ्याकडे उत्तर नव्हते, पण त्या बाईंचे पत्र होते. सरांना विचारले. ते म्हणाले, "खूण बदलू नका, जासूद बदला."

आता जासूद बदलायचा तर कसा? त्या उबुंटूच्या स्वतःच्या भांडारात ९.५च मिळतो. येथे मला शिवाजी उद्यमनगर आठवले. माझे मामा तेथे लेथवर काम करतात. जुन्या इंजिनाचा एखादा भाग मोडला आणि बाजारात तो मिळेनासा झाला, तर गिऱ्हाईक डोक्याला हात लावून बसत नाही. तो भाग घडवून घेतो. मापे घ्यायची, धातू आणायचा, लेथला लावायचा. पोस्टग्रेसची मूळ संहिता म्हणजे त्या भागाचे रेखाचित्र. संहिता सी भाषेत लिहिलेली असते. ती माणसाला वाचता येते, यंत्राला नाही. कम्पायलर ही आज्ञावली ती वाचून त्या त्या यंत्राला कळेल असा भाग घडवते. एकच रेखाचित्र, पण ३२ बिटी जुन्या यंत्रावर घडवले की त्या यंत्राचाच भाग निघतो. फुकट मिळणाऱ्या संहितेचे महत्त्व मला त्या दिवशी कळले.

पंधराव्या आवृत्तीच्या संहितेची गठडी वीसेक मेगाबाइटची आहे. ती पोस्टग्रेसच्या स्वतःच्याच ठिकाणाहून घ्यावी. सोबत एक लांबलचक सांकेतिक आकडा दिलेला असतो. उतरवून घेतलेल्या गठडीवर 'शा-२५६-सम' ही आज्ञा चालवली की तोच आकडा यायला हवा. माझा पहिल्यांदा आला नाही. मध्येच वीज गेली होती आणि गठडी अर्धी उतरली होती. ही तपासणी केली नसती तर पुढच्या भलत्याच चुकीशी झगडत बसलो असतो. पंधरावीच का, सतरावी का नाही? दप्तरदार पंधरावा होता हे एक. दुसरे असे की सतराव्या आवृत्तीपासून गठडीत काही आयत्या फायली ठेवत नाहीत, त्या घडवायला आणखी हत्यारे लागतात, आणि आमच्या यंत्रावर ती नव्हती.

पहिली पायरी 'कॉन्फिगर'. ही आज्ञा काही घडवत नाही. ती कारखान्याची पाहणी करते. कम्पायलर आहे का, अमुक संग्रह आहे का, या यंत्रावर पूर्णांक किती मोठा धरायचा, असे शेकडो प्रश्न ती यंत्राला विचारते आणि पडद्यावर उत्तरांचा पाऊस पडतो. नवख्या माणसाची छाती येथेच दडपते. त्या पावसाकडे दुर्लक्ष करावे. वाचायच्या त्या फक्त शेवटच्या चार ओळी. हा धडा मला तीन दिवसांनी मिळाला. तोपर्यंत मी वरपासून वाचत होतो.

तिला एक गोष्ट मात्र आधीच सांगावी लागते: घडलेला भाग बसवायचा कोठे. न सांगितल्यास ती यंत्राच्या सार्वजनिक जागेत बसवू पाहते आणि तेथे लिहिण्याचा अधिकार विद्यार्थ्यांना नसतो, नसावाच. म्हणून 'प्रिफिक्स' या पर्यायापुढे स्वतःच्या घरच्या फोल्डरातील एका फोल्डराचा पत्ता द्यावा. मग सारे काही आपल्या कोपऱ्यात राहते, यंत्रावरचा जुना जासूद जसाच्या तसा राहतो आणि काही बिघडले तर तो एक फोल्डर पुसला की झाले.

माझी 'कॉन्फिगर' थांबली ती 'रीडलाइन लायब्ररी नॉट फाउंड' असे म्हणून. रीडलाइन म्हणजे टंकलेली ओळ दुरुस्त करण्याची आणि वरचा बाण दाबून मागची आज्ञा परत आणण्याची सोय. गंमत म्हणजे ती यंत्रावर होती. जुना पीएसक्यूएल ती रोज वापरत होता. मग सापडत का नाही? येथे ज्याचा सर्वांना घोटाळा होतो तो भेद आहे. आयता भाग चालवायला संग्रह पुरतो; पण नवा भाग घडवताना कम्पायलरला त्या संग्रहात काय काय आहे याची यादीही लागते. तिला हेडर फाइल म्हणतात. ग्रंथालयात पुस्तके आहेत पण सूची नाही, तर माहीत असलेले पुस्तक तुम्ही उचलाल, नवे शोधणार कसे? उबुंटूत या याद्या वेगळ्या पॅकेजात असतात आणि त्या पॅकेजाच्या नावाच्या शेवटी 'डेव' हा शब्द असतो. 'नॉट फाउंड' असे दिसले की दहांपैकी आठ वेळा हे 'डेव'च राहिलेले असते, असा माझा अनुभव आहे.

ते पॅकेज बसवायला प्रशासकाचा पासवर्ड लागतो. तो ज्या काकांकडे असतो ते सुट्टीत गावी गेले होते. तेव्हा रीडलाइन वगळूनच घडवायचे ठरवले. तसा पर्याय चुकीच्या त्या संदेशातच सुचवलेला असतो. पुढे 'झेडलिब' या दुसऱ्या संग्रहापाशी पुन्हा अडलो, तोही वगळला. त्याच्याविना फक्त राखीव प्रत काढताना ती दाबून लहान करता येत नाही. रीडलाइनविना काम करणे मात्र खरोखर कंटाळवाणे आहे. पीएसक्यूएल १९९५ साली आला तेव्हाच ही सोय घेऊन आला होता. ती नसली की तीस वर्षे मागे गेल्यासारखे वाटते. एका अक्षराची चूक झाली की सबंध ओळ पुन्हा टंकायची. काका परत आल्यावर दोन्ही 'डेव' पॅकेजे बसवून घेतली आणि पुन्हा एकदा घडवले.

दुसरी पायरी 'मेक'. नुसते 'मेक' म्हटले तर सबंध पोस्टग्रेस, दप्तरदारासकट, घडू लागते. मी पहिल्यांदा तेच केले आणि त्या वृद्ध यंत्राने दुपार खाल्ली. आपल्याला हवा फक्त जासूद. त्यासाठी पोस्टग्रेसच्या माहितीपुस्तिकेतच उपाय दिला आहे: संहितेच्या मुख्य फोल्डरात उभे राहून 'मेक'ला 'सी' या पर्यायाने 'एसआरसी'मधील 'बिन', 'इन्क्लूड' आणि 'इंटरफेसेस' हे तीनच उपफोल्डर एकामागून एक दाखवायचे आणि प्रत्येकापुढे 'इन्स्टॉल' म्हणायचे. पहिल्यात पीएसक्यूएल आणि त्याचे भाऊबंद, दुसऱ्यात याद्या, तिसऱ्यात 'लिबपीक्यू'. 'बिन'मध्ये दप्तरदाराच्या उपयोगाच्या एकदोन लहान गोष्टीही येतात, पण त्या निरुपद्रवी आहेत. 'लिबपीक्यू' हे नाव लक्षात ठेवावे. दप्तरदाराशी बोलण्याची भाषा खरी येते ती त्याला. पीएसक्यूएल हा केवळ त्याचा चेहरा. स्क्रॅमची खूणही लिबपीक्यूच ओळखतो.

हे झाल्यावर पीएसक्यूएल असे टंकले आणि पुन्हा तीच ओळ! पद्धत १०! मी डोके धरून बसलो. वस्तुतः चूक क्षुल्लक होती. यंत्र आज्ञेचे नाव काही ठरावीक फोल्डरांत क्रमाने शोधते आणि पहिला जो सापडेल त्याला बोलावते. त्या यादीला 'पाथ' म्हणतात. यादीत आपला नवा फोल्डर नव्हताच, म्हणून जुना जासूद हजर झाला. नव्याचा पत्ता यादीच्या आरंभी घातला आणि आधी त्याची आवृत्ती विचारली. १५ आली. मग ग्रंथालयाच्या यंत्राचा पत्ता, दार क्रमांक ५४३२, नाव. त्याने पासवर्ड विचारला. कोणी पासवर्ड विचारल्याचा इतका आनंद मला पूर्वी कधी झाला नव्हता.

येथे प्रकरण संपले असे वाटले, पण खरा चकवा पुढे होता. नोंदी भरण्यासाठी त्याच वर्गमित्राने पायथनमध्ये एक छोटी आज्ञावली लिहिली होती. नव्या पीएसक्यूएलने सारे सुरळीत चालू असताना ती आज्ञावली मात्र त्याच यंत्रावरून 'पद्धत १०' म्हणून अडून बसली. तो मला हसला आणि मी त्याला. कारण शोधायला दोन संध्याकाळी लागल्या. पायथनचा 'सायकोपीजी२' हा दुवा स्वतः काही जाणत नाही. तोही लिबपीक्यूलाच हाक मारतो. ती हाक असते 'लिबपीक्यू-एसओ-५' अशी. आता यंत्रावर या नावाचे दोन झाले, ९.५चा आणि १५चा. आणि दोघांचेही नाव अक्षरशः एकच. पुष्कळ वर्षे हा पाचचा आकडा बदललेला नाही, कारण नवा जुन्याच्या जागी चालावा अशी काळजी कर्त्यांनी घेतली आहे. नव्या पीएसक्यूएलच्या पोटात घडवतानाच आपल्या लिबपीक्यूचा पत्ता कोरलेला असतो, म्हणून तो चुकला नाही. सायकोपीजी२ उबुंटूबरोबर आलेला. त्याने सार्वजनिक जागेतील जुन्यालाच हाक मारली आणि त्याने 'ओ' दिली. एका वाड्यात दोन बापू असले म्हणजे असे होते.

उपाय एका ओळीचा. संग्रह आधी कोठे शोधायचा हे सांगणारे 'एलडी-लायब्ररी-पाथ' नावाचे एक चल असते. त्यात नव्या 'लिब' फोल्डराचा पत्ता घातला आणि मग पायथन सुरू केला. सायकोपीजी२ न बदलता, न घडवता, चालू लागला. जुन्याच्या जागी नवा बिनतक्रार बसतो याचा प्रत्यय तेथे आला. मात्र हे चल कायमचे लावून ठेवू नये; त्या एका आज्ञावलीपुरतेच लावावे. नाहीतर दुसऱ्याच कोणाला भलता बापू भेटायचा.

आता मराठीविषयी, कारण सूची मराठी आहे. युनिकोडच्या यूटीएफ-८ या पद्धतीत देवनागरीचे प्रत्येक चिन्ह तीन बाइट घेते. 'कोल्हापूर' आपल्याला चार अक्षरी वाटते. डेटाबेसला विचारले तर लांबी ९ येते, कारण काना, मात्रा, ऊकार, हलन्त ही सारी वेगळी चिन्हे. आणि बाइट विचारले तर २७. जासूद हे २७ बाइट जसेच्या तसे आणतो. पीएसक्यूएलच्या पडद्यावर रकाने थोडे वेडेवाकडे दिसतात, पण मजकूर अचूक असतो. त्यावरून मजकूर बिघडला असे समजून एकीने चाळीस नोंदी पुन्हा भरल्या होत्या.

क्रमवारीचा प्रश्न अधिक गंभीर निघाला. पहिली यादी छापून सरांपुढे ठेवली. त्यांनी चष्मा कपाळावर सरकवला आणि म्हणाले, "काळे कासारांच्या आधी कसे? आणि क्षीरसागर 'क'मध्ये?" युनिकोडच्या तक्त्यात 'ळ' हा 'ल'च्या शेजारी बसवला आहे, आपल्या वर्णमालेत तो 'ह'च्या नंतर येतो आणि त्याच्या मागून क्ष, ज्ञ. नुसत्या क्रमांकांवरून लावले की काळे पुढे सरकतात, आणि क्ष हे शेवटी 'क'चेच जोडाक्षर ठरते. मी पुन्हा जासूद घडवायला निघालो होतो. ते व्यर्थ गेले असते. क्रम लावणे हे दप्तरदाराचे काम आहे. जासूद जे मिळेल ते, मिळेल त्या क्रमाने आणतो. दप्तरदारापाशी आयसीयू या संग्रहामार्फत मराठीचा क्रम आयता असतो. त्याचे नाव 'एमआर-एक्स-आयसीयू'. 'एमआर' ही मराठीची खूण. प्रश्नाच्या शेवटी क्रम लावताना हे नाव दिले की कासार आधी, काळे नंतर आणि क्षीरसागर सर्वांच्या शेवटी. सरांनी ती यादी घरी नेली.

राहिलेली तीन यंत्रे. त्यांच्यावर पुन्हा घडवण्याची गरज नाही, कारण चारही सारखीच आहेत. तयार फोल्डर पेन ड्राइव्हवरून नेला की पुरे. तो ठेवताना पत्ता मात्र अक्षरशः तोच असावा, कारण लिबपीक्यूचे ठिकाण पीएसक्यूएलच्या पोटात कोरलेले आहे हे वर सांगितलेच. म्हणून चारही यंत्रांवर 'सूची' याच अर्थाच्या एका नावाचे खाते उघडले आहे. तिसऱ्या यंत्राचा कळफलक अधूनमधून 'र' उमटवत नाही. त्यावर नोंदी भरणाऱ्याने नावे दोनदा तपासावीत.